बेमालूम ठिगळ

'बेमालूम' हा शब्द मराठीत दोन तऱ्हांनी चालतो. सांधा बेमालूम जुळला म्हणजे कारागिराची वाहवा. बेमालूम थाप मारली म्हणजे, थोडे कौतुक मिसळलेली का होईना, निंदाच. कौतुकाची हद्द कुठे संपते आणि निंदेची कुठे सुरू होते, हा प्रश्न आमच्यापुढे एका भिंतीने उभा केला.

अमेरिकेत भाड्याच्या घरात राहत असताना दाराची मूठ आपटून भिंतीला पाचेक इंचांचे भोक पडले. घर सोडण्यापूर्वी ते बुजवणे भाग होते, नाहीतर अनामत रकमेवर पाणी सोडावे लागले असते. तिकडच्या घरांतली आतली भिंत विटांची नसते. साधारण सोळा इंचांवर उभे लाकडी वासे आणि त्यांवर अर्धा इंच जाडीचे जिप्समचे तक्ते, दोन्ही अंगांनी कागद चिकटवलेले. इतकी वर्षे आपण कागदाला टेकून बसत होतो, हे भोक पडल्यावरच कळले!

अशा भिंतीला नुसती भर घालून चालत नाही. भोक आधी चौकोनी कापून मोठे करावे लागते. मागे लाकडी पट्टी स्क्रूने आवळायची, तिच्यावर नव्या तक्त्याचा तुकडा बसवायचा (पट्टीवर आम्ही पेन्सिलीने तारीख घालून ठेवली, का ते सांगता येणार नाही), सांध्यांवर कागदी पट्टी आणि तिच्यावर आपले रंगारी जिला लांबी म्हणतात तिच्या जातीचा लेप. हा लेप वाळताना आकसतो, म्हणून हात तीन द्यायचे आणि प्रत्येक हात आधीच्यापेक्षा रुंद, कडेला विरत जाणारा. मग घासणे, अस्तर, रंग. अस्तर चुकवले तर नवा लेप रंग जास्त शोषतो आणि तेवढाच भाग निस्तेज दिसतो. विजेरी भिंतीला समांतर धरली की तिरप्या उजेडात सगळी लबाडी उघडी पडते. आमची पहिल्या खेपेस पडलीच.

या खटाटोपात एक गोष्ट ध्यानात आली. पाच इंचांचे भोक लपवण्यासाठी आम्हांला दीड फूट भिंत लिंपावी लागली, आणि रंगाची छटा जुळेना म्हणून शेवटी या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत सगळी भिंत रंगवावी लागली. ठिगळ दिसू नये असे वाटत असेल, तर धड असलेल्या भागावरही हात फिरवावा लागतो. बेमालूमपणाची किंमत ती हीच. राहत्या घराच्या भिंतीची ती खुशाल द्यावी. त्या भिंतीला कुणाची साक्ष द्यायची नसते.

साक्ष द्यायची असते तिथे मात्र हिशेब उलटतो. इटलीतल्या व्हितेर्बो गावातील एका चर्चमधली पंधराव्या शतकातली भित्तिचित्रे १९४४ च्या बाँबहल्ल्यात ढासळली. रोमच्या जीर्णोद्धार संस्थेने चेझारे ब्रांदींच्या मार्गदर्शनाखाली तुकडे जुळवले आणि उरलेल्या रिकाम्या जागा जलरंगाच्या बारीक उभ्या रेघांनी भरल्या. लांबून चित्र सलग दिसते, जवळ गेले की रेघा दिसतात. नवा रंग गेलेल्या जागेपुरताच. मूळ रंगावर एकही रेघ नाही.

हा विवेक आपल्याला परका नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९६६ साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत जो पाठ संपादकांना पुरेसा निश्चित वाटला नाही, त्याच्याखाली नागमोडी रेघ आहे. वि. स. सुखटणकरांना ओघवते महाभारत देता आले नसते असे थोडेच आहे! त्यांनी ठिगळ दिसू दिले.

आणि आमच्या जुन्या मराठी पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या? १९६२ च्या लेखननियमांनी व्युत्पत्तीचे आणि रूढीचे अनुस्वार गेले, हे ठीकच झाले. पुढच्या लेखनासाठी ते नियम होते. पण त्या आधीच्या पुस्तकांचेही अनुस्वार पुनर्मुद्रणात सरसकट उडवले जातात. 'नांव' आणि 'नाव' यांतला भेद जातो, 'मीं' आणि 'मी' एक होतात. एकदा अनुस्वार काढायला बसले की हात तेवढ्यावर थांबत नाही: विरामचिन्हे सुधारतात, परिच्छेद तुटतात, एखादा अवघड शब्दही सोपा होतो. भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रंगते. त्या पानावरून एकोणिसाव्या शतकातल्या गद्याच्या लयीबद्दल प्रबंध लिहिणारा विद्यार्थी कुणाची लय मोजत असतो?

वाचकाची सोय म्हणून हे करतात, असे उत्तर मिळते. सोयीला आमचा विरोध नाही. शाळकरी वाचकासाठी लेखन अवश्य बदलावे. पण मग आरंभी अर्धे पान द्यावे: आधाराला घेतलेली आवृत्ती कोणत्या साली निघाली, काय बदलले, काय तसेच ठेवले. तेवढे अर्धे पान नसलेली आवृत्ती अभ्यासक्रमाला लावायची नाही, इतके तरी विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांना ठरवता येईल.