परत आलेल्या मुलीला घरात जागा



'मार्था मार्सी मे मार्लीन' हा शॉन डर्किन यांचा २०११ चा इंग्रजी सिनेमा. एका पंथाच्या शेतावरून पळालेली मार्था दोन वर्षांनी बहिणीला फोन करते आणि तिच्या तळ्याकाठच्या घरी येते. पळाली, सुटली, पण डोक्यातून शेत जात नाही. रात्री छपरावर काही वाजलं तरी ती थरथरते.

शेतावर आधी पुरुष जेवतात, ते उठले की बायका बसतात. परदेशी प्रेक्षक हे बघून दचकला असेल. मला आधी काही वेगळं वाटलंच नाही. आपल्या जळगाव-धुळ्याकडे कितीतरी घरांत हेच चालतं ना!

म्होरक्या पॅट्रिक तिचं नाव 'मार्सी मे' ठेवतो. फोन कुठल्याही बाईनं उचलला तरी 'मार्लीन' म्हणायचं, म्हणजे आत कोण आहे ते बाहेर कळू नये. नावं पुण्यातही बदलत. कोरेगाव पार्कात १९७४ मध्ये रजनीशांचा आश्रम सुरू झाला (ते जन्मानं जैन घरातलेच, चंद्रमोहन जैन), तिथे संन्याशांना नवी नावं मिळत. आईबरोबर लहानपणीच या पंथात गेलेल्या टिम गेस्टनं 'माय लाइफ इन ऑरेंज' या २००४ च्या पुस्तकात आपलं बालपण लिहिलं आहे.

नाव दीक्षेतही बदलतं, असं कुणी म्हणेल. बरोबर. पण दीक्षेला घरच्यांची आज्ञा लागते, वरघोडा निघतो, चातुर्मास कुठे ते गावाला ठाऊक असतं. लपवाछपवी नाही. माझा प्रश्न पुढचा आहे. जिला ते झेपलं नाही आणि जी घरी आली, तिचं काय? जाताना आपण अनुमोदना करतो, आल्यावर कुजबुजतो. तिच्या धाकट्या बहिणीच्या स्थळाची काळजी आधी सुरू होते.

मार्थाची बहीण वाईट नाही. कपडे देते, खाऊ घालते, विचारतेही. पण लगेच 'पुढे काय करणार?' सुरू होतं, आणि मार्था मित्राशी बिनसलं म्हणून वेळ मारून नेते. शेवटी तिला उपचाराच्या ठिकाणी पाठवायचं ठरतं. डॉक्टर हवाच, त्यात कमीपणा नाही. पण घरानंही थोडं थांबायला हवं होतं, असं मला वाटलं. मुलगी पंथातून येवो की दीक्षेतून, पहिला महिनाभर एकही प्रश्न नको. तिच्या जुन्या नावानं हाक मारावी, पाहुणे आले तरी तिला आत पाठवू नये, आणि सूर्यास्ताआधीच्या जेवणाला तिचं ताट सगळ्यांबरोबरच वाढावं.