गंधकाचें वैर

संस्कृतांत गंधकास ‘शुल्वारि’, म्हणजे तांब्याचा शत्रु, असें एक नांव आहे. त्याचें वैर तांब्यापाशींच थांबत नाहीं. परतवाड्याहून सेमाडोहमार्गे धारणीकडे जाणाऱ्या एखाद्या नव्या डिझेल मोटारीचें उदाहरण घ्या.

तिच्या धुराच्या नळींत, मधाच्या पोळ्यासारख्या जाळीवर, प्लॅटिनम व पॅलेडियम यांचे अतिसूक्ष्म कण बसविलेले असतात. विषारी कार्बन मोनॉक्साइड व अर्धवट जळालेलें इंधन या कणांवर प्राणवायूशीं संयोग पावतात. धातु मात्र खर्च होत नाहीं. लग्न जुळविणारा मध्यस्थ स्वतः बोहल्यावर चढत नाहीं, तसेंच हें.

मग तो निकामी कां होतो? इंधनांतील गंधक जळून होणारा वायु त्या कणांवर ठाण मांडतो. इतरांस जागा उरत नाहीं. पॅलेडियमला ही बाधा अधिक. प्रखर उष्णतेनें गंधक कांहींसें सुटतें. परंतु त्याच उष्णतेनें कण एकमेकांस चिकटून मोठे होतात, व कार्यास लागणारा पृष्ठभाग घटतो.

म्हणून औषधापेक्षां पथ्य श्रेष्ठ. १ एप्रिल २०२० पासून देशभर डिझेलांतील गंधकाची मर्यादा दशलक्षांत ५० भागांवरून १० वर आणली गेली. रॉकेलास इतकी कडक मर्यादा नाहीं. तेव्हां चार रुपये वांचविण्यासाठीं रॉकेलमिश्रित डिझेल भरणारा गृहस्थ हें पथ्य स्वहस्तें मोडतो. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास; रक्षक निकामी झाल्याचें नाकास कळत नाहीं, आणि धूर जातो तो रस्त्याकडेच्या मुलांच्या श्वासांत.