मशाल कोणी धरायची?

मंडळी, तुकोबांची पालखी आमच्या अंथुर्ण्यातून पंढरीला जाते. त्यामुळे बडवे-उत्पातांच्या हक्काचा विषय इथल्या पारावर नवा नाही. बडव्यांना चार शब्द सुनावले की तो विषय संपतो. मला मात्र अशा वेळी बायबलचा जुना करार आठवतो.

इस्राएली लोक रानावनातून तंबूचे देवालय घेऊन फिरत. कोणी काय करायचे हे ‘गणना’ या पुस्तकात घराणेवार सांगितले आहे. अहरोनाच्या वंशाने याजक व्हायचे. लेवी कुळातल्या कहाथाच्या घराण्याने पवित्र वस्तू खांद्यावरून न्यायच्या, गेर्षोनाच्या घराण्याने पडदे, मरारीच्या घराण्याने फळ्या नि खांब.

आता आपले पंढरपूर बघा. बडव्यांच्या जोडीला सात सेवाधारी घराणी होती. पुजाऱ्याने पूजा करायची, बेणाऱ्याने मंत्र म्हणायचे, परिचारकाने पाणी नि आरती आणायची, हरिदासाने गायचे, डिंगऱ्याने देवाला आरसा दाखवायचा, दिवट्याने मशाल धरायची, डांग्याने चोप घेऊन उभे राहायचे. रुक्मिणीकडे उत्पात. किती सारखे आहे!

मग बिघडते कुठे? लेव्यांना जमिनीचे वतन नव्हते, लोकांच्या दशमांशावर त्यांनी जगायचे होते. तरीही शिलो येथे एली याजकाचे मुलगे यज्ञातले मांस देवाच्या आधी स्वतःसाठी उचलू लागले. आमच्याकडे बडव्यांमध्ये दिवसाच्या उत्पन्नाचा लिलाव होऊ लागला. सेवेला बोली लागली की भाविक गिऱ्हाईक होतो. तक्रारी वाढल्या, नाडकर्णी आयोग बसला, १९७३ साली कायदा झाला. तरी कोर्टकज्जे संपायला जानेवारी २०१४ उजाडले. सर्वोच्च न्यायालयाने बडवे-उत्पातांचा दावा फेटाळला आणि त्याच वर्षी मंदिर समितीने पूजेसाठी सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांकडून अर्ज मागवले. ज्या मंदिराचे दार दलितांना उघडावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना उपोषणाला बसावे लागले, तिथे हे घडले. माझ्या मते योग्यच घडले.

पण एक गोष्ट जपायला हवी. मशाल विझली तर जाब कोणाला विचारायचा हे पूर्वी ठरलेले होते. पगारी व्यवस्थेत ‘ते माझे काम नाही’ म्हणणे फार सोपे असते. घराणी गेली तरी प्रत्येक सेवेचे नाव आणि तिची जबाबदारी राहिली पाहिजे. जुन्या घराण्यांतल्या वडीलधाऱ्यांना नित्योपचारांचे बारकावे ठाऊक आहेत, तेही सन्मानाने विचारून लिहून ठेवावेत. हक्क गेला म्हणून माहिती टाकाऊ होत नाही.

वंश संपला म्हणून धर्म बुडेल, ही भीती मला खरी वाटत नाही. इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेमचे मंदिर पाडले. याजकांचे यज्ञ थांबले, कोहेन नि लेवी ही आडनावे मात्र उरली. तरी यहुदी धर्म टिकला, कारण अभ्यास करणारा कोणीही गुरू होऊ शकत होता. आपली वारी तरी कोणत्या घराण्याच्या हक्कावर चालते? गळ्यात माळ आणि मुखात नाम, एवढ्यावरच ना?

असो. आपल्या नात्यातल्या काही मंडळींना हे पटणार नाही, ठाऊक आहे. त्यांनी रागावून का होईना, पण जरूर कळवावे.