फ्रेंच शाळेत, मातृभाषा घरी

क्वेबेकमधील माँट्रियलजवळच्या सेंट लॅम्बर्ट येथे १९६५ साली इंग्रजीभाषक पालकांच्या आग्रहावरून सार्वजनिक शाळेत बालवाडीचा वर्ग फ्रेंचमधून सुरू झाला. मॅक्गिल विद्यापीठाच्या वॉलेस लॅम्बर्ट व रिचर्ड टकर यांनी ती मुले वर्षानुवर्षे तपासली. फ्रेंच तर त्यांना आलीच; इंग्रजीतील सुरुवातीची पिछाडीही भरून निघाली.

आपल्याकडील इंग्रजी माध्यमाच्या समर्थनार्थ हा दाखला देणे मात्र दिशाभूल करणारे आहे. माँट्रियलच्या बँका व उद्योगधंदे यांवर तेव्हा इंग्रजीभाषकांचाच पगडा होता. त्या मुलांची मातृभाषा धोक्यात नव्हती. बालवाडीत मूल इंग्रजीतून बोलले तरी शिक्षिका ते समजून घेत. घरी गोष्टी आणि पुस्तके इंग्रजीतच. फ्रेंच शिकवणे हे शाळेचे काम होते, आईबापांचे नव्हे.

ऊसतोड कामगाराच्या मुलाची बोली आपली शाळा पहिल्याच दिवशी अशुद्ध ठरवते, आणि वर इंग्रजीचा अभ्यास घरी करून घ्या म्हणते! कोणी करून घ्यावा? शिकवणीला पैसे कोठून आणावेत? फ्रेंच असो वा इंग्रजी, ती शिकवण्याचा सारा भार शाळेनेच उचलावा, ही मागणी कार्यकर्त्यांनी शाळा व्यवस्थापन समित्यांच्या बैठकांत लावून धरली पाहिजे.