दगड सगळेच वेचू नका

जामनेर तालुक्याचा दक्षिण भाग अजिंठ्याच्या डोंगररांगेला टेकतो. तोंडापूर, वाकोदच्या बाजूचे शिवार नदीकाठच्या काळ्याभोर रानासारखे नाही. उताराची, हलकी, मुरमाड जमीन, आणि ती नांगरली की गोटे वर. आखाजीच्या आगेमागे, मृगाआधी, ते वेचून घमेल्याने धुऱ्यावर टाकायचे काम बहुतेक बायांच्या वाट्याला येते. भर उन्हात कंबर मोडणारे हे काम. मजुरांची चणचण पाहता ट्रॅक्टरमागे जोडायच्या दाताळ्याकडे शेतकऱ्याचा कल झुकणे साहजिक आहे, आणि ते अवजार वापरावे असेच माझे मत आहे. पण रान अगदी पाटीसारखे स्वच्छ करण्यासाठी ते वापरले, तर फायद्यापेक्षा नुकसान जास्त होईल.

आधी या अवजाराचे काम नीट पाहू. आडव्या दांड्यावर स्प्रिंगच्या पोलादाचे वाकडे दात असतात. दांडा तिरका लावून ट्रॅक्टर संथ चालवला की दगड दातांपुढे घरंगळत एका बाजूला जातात आणि त्यांची ओळ पडते. दाताळे दगड उचलत नाही, भरणी हातानेच करावी लागते. मात्र सगळे रान वाकून फिरण्याऐवजी एका ओळीपुरते वाकावे लागते. दोन दातांतल्या फटीपेक्षा बारीक खडा मागे राहतो. हेच त्याचे खरे मोल आहे, म्हणून बारीक खडाही निघावा या हट्टाने दात खोल उतरवू नयेत. तसे केले की वरची पोयट्याची माती दगडांबरोबर ओढली जाते आणि धुऱ्यावर जाऊन पडते. ढेकळे फुटण्याआधी दाताळे फिरवले तरी तेच होते.

बारीक खड्यांचा उपयोग काय, असे कोणी विचारेल. पहिल्या वळवाचा टपोरा थेंब उघड्या मातीवर आपटला की ती दबते, वर पापुद्रा धरतो आणि पाणी माती घेऊन उतारावरून निघते. खडा तो मार स्वतःवर घेतो आणि खालची ओल उन्हापासून राखतो. चीनच्या गान्सू प्रांतात कोरडवाहू शेतकरी कित्येक पिढ्यांपासून शेतावर मुद्दाम वाळू-गोट्यांचा थर पसरून कलिंगडे घेत आले आहेत. याला एक अपवाद आहे. बेल्जियमचे मृदाशास्त्रज्ञ जाँ पूसेन यांच्या अभ्यासात दिसले की मातीवर मोकळा पडलेला दगड पाणी मुरवतो, पण पापुद्र्यात घट्ट रुतलेला दगड उलट पाणी पळवतो. म्हणून खडे राहू द्यावेत, पण वखराच्या पाळीने ते मोकळेही ठेवावेत.

मुठीएवढे आणि त्याहून मोठे गोटे मात्र काढलेच पाहिजेत. त्यांनी रोटाव्हेटरची पाती तुटतात, वखराची पास उडते, सरकीवर गोटा आला तर कोंब अडतो. ही तक्रार रास्त आहे. तरी हे गोटे दर वर्षी नव्याने कुठून येतात, हेही पाहायला हवे. आपल्या काळ्या दगडाला भेगांमधून झीज लागते. भोवती मुरूम होतो आणि मधला कठीण गाभा गोल गोट्यासारखा उरतो. वीतभर मातीच्या रानात पलटी नांगर खोल घातला की तोच थर वर येतो. एकीकडे गोटे उकरायचे आणि दुसरीकडे ते गोळा करायला डिझेल जाळायचे, हा दुहेरी खर्च आहे. अशा रानात दर उन्हाळ्याला पलटी मारायची गरज नाही. मोगडा आणि वखर पुरेत.

उरला प्रश्न गोळा झालेल्या दगडांचा. ते नाल्यात ढकलले तर पात्र तुंबते, आणि सोयीच्या कोपऱ्यात ढीग घातला तर तेवढी जागा अडते. त्यापेक्षा ते उताराला आडव्या ओळीत रचावेत. पाणलोटाच्या कामातला अनघड दगडी बांध आपल्याला नवा नाही. आफ्रिकेतल्या बुर्किना फासोच्या यातेंगा भागात 1980च्या दशकात शेतकऱ्यांनी पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने समपातळी काढली आणि तिच्यावर दगडांच्या बुटक्या ओळी रचल्या. वाहती माती त्यांच्यामागे अडली, पाणी मुरले. दोन माणसे आणि एक नळी एवढ्यावर हे मोजमाप होते. ओळींमुळे ट्रॅक्टर वळवायला अडचण होईल हे खरे, पण उतारावर पेरणी आडवीच करायची असते, तेव्हा तासे या ओळींना समांतरच जातील. भाड्याने दाताळे आणायच्या आदल्या दिवशी ही समपातळी फक्कीने आखून ठेवावी, म्हणजे ट्रॉली कुठे रिकामी करायची ते ट्रॅक्टरवाल्याला विचारावे लागणार नाही.