विश्लेषण : स्पोर्ट्स कारचे रन-फ्लॅट टायर झिजले, पुन्हा तेच घ्यावेत की साधे?

गाडीची डिकी उघडली तर स्टेपनी नाही, जॅक नाही, पानाही नाही. बीएमडब्ल्यू झेड-४ सारखी दोन आसनी गाडी सेकंड हँड घेणाऱ्याला हा धक्का पहिल्याच दिवशी बसतो. दुसरा धक्का टायर बदलण्याच्या वेळी बसतो, तो किमतीचा. मग दुकानदार सुचवतो, ‘साहेब, साधे टाका, गाडी मऊ चालेल.’ हा सल्ला सरसकट चुकीचा नाही, पण तो अर्धवट आहे.

रन-फ्लॅट म्हणजे नेमके काय?

साध्या टायरमध्ये गाडीचे वजन हवा पेलते. हवा गेली की टायर रिमखाली चिरडतो. रन-फ्लॅटच्या बाजूच्या भिंती जाड, कडक रबराच्या असतात. हवा शून्यावर आली तरी त्या काही काळ वजन पेलतात. हा काळ साधारणपणे ताशी ८० किलोमीटर वेगाने ८० किलोमीटर असा सांगितला जातो. गाडी भरलेली असेल किंवा रस्ता खराब असेल तर त्याहून कमी. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाची लांबी सुमारे ९५ किलोमीटर आहे. म्हणजे खंडाळ्याच्या घाटात पंक्चर झाले तरी पुणे गाठता येते. समृद्धी महामार्ग मात्र ७०१ किलोमीटरचा आहे, तिथे ८० किलोमीटरच्या आत टायरचे दुकान आणि दुकानात नेमका तोच टायर मिळेल, याची खात्री कोण देणार?

मग कंपन्या हे टायर का देतात?

जागेसाठी आणि सुरक्षिततेसाठी. २००९ मध्ये आलेल्या झेड-४ चे कडक छप्पर घडी होऊन डिकीत जाते. स्टेपनी ठेवायची कुठे? त्याआधी, १९९७ मध्ये शेव्हरोले कॉर्व्हेटच्या पाचव्या पिढीने स्टेपनी काढून रन-फ्लॅट आणि हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा दिली होती. गंमत अशी की, याच गाडीची अधिक वेगवान झेड-०६ आवृत्ती २००१ मध्ये आली तेव्हा तिला साधे टायर आणि पंक्चर बुजवण्याचे किट देण्यात आले. कारण वजन. बीएमडब्ल्यूच्या एम विभागाच्या गाड्याही बहुतांशी साध्या टायरवरच येत राहिल्या. ज्यांना गाडीच्या चालण्याची सर्वाधिक फिकीर, त्या अभियंत्यांनीच रन-फ्लॅट टाळले, हे सूचक आहे.

आपल्या रस्त्यांवर अडचण कोणती?

खड्डे. झेड-४ ला १८ इंची चाकांवर पुढे २२५/४० आणि मागे २५५/३५ असे टायर लागतात. यातील ४० आणि ३५ हे आकडे म्हणजे टायरच्या रुंदीच्या तुलनेत भिंतीची टक्केवारीतील उंची. मुळात बोटभर उंचीची भिंत, त्यात ती कडक. पावसाळ्यात पाण्याने भरलेल्या खड्ड्यात चाक आदळले की धक्का थेट रिमला आणि तिथून चालवणाऱ्याच्या कमरेला. रिम वाकते, टायरच्या भिंतीला फुगा येतो. फुगा आलेला टायर कोणत्याही प्रकारचा असो, तो टाकूनच द्यावा लागतो.

दुसरी अडचण पंक्चरची. खिळा नक्षीत घुसला आणि दाब फारसा उतरण्याआधी गाडी थांबवली, तर काही कंपन्या दुरुस्तीला मुभा देतात. पण हवा नसताना टायर पळाला असेल, तर आतल्या भिंतीचे किती नुकसान झाले हे बाहेरून कळत नाही. असा टायर बदलणेच शहाणपणाचे. एका खिळ्यापायी एवढा महागडा टायर भंगारात, हे अनेकांना पचत नाही आणि मग कोपऱ्यावरचा पंक्चरवाला ठिगळ लावून देतो. सर्वात मोठा धोका तिथे आहे.

टंचाई का जाणवते?

जून २०२० मध्ये केंद्राने नव्या टायरची आयात ‘मुक्त’ यादीतून ‘प्रतिबंधित’ यादीत टाकली. परवान्याशिवाय आयात बंद झाली. देशी टायर उद्योगाला संरक्षण मिळाले, पण इथे न बनणाऱ्या मापांच्या मालकांची कोंडी झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये टायरवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. हा दिलासा खरा, पण दुकानात माल असेल तरच तो उपयोगाचा. टंचाईत जुना साठा ‘नवा’ म्हणून खपतो. टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात : ‘३५२३’ म्हणजे २०२३ चा ३५ वा आठवडा. ते वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. रविवारीच बाहेर पडणाऱ्या गाडीचा टायर गोटा होण्याआधी म्हातारा होतो. नक्षी शाबूत दिसते, पण रबर कडक झालेले असते.

साधे टायर टाकायचे ठरवले तर?

चारही एकदम बदलावेत. मागे दोन साधे आणि पुढे जुने रन-फ्लॅट, ही तडजोड सर्वात वाईट. भिंतींचा ताठपणा वेगळा असल्याने वळणावर गाडीचे पुढचे आणि मागचे टोक वेगवेगळे वागते आणि स्पोर्ट्स कारमध्ये ते नेमके वेगात असतानाच कळते. भारांक आणि वेगमर्यादेचे अक्षर मूळ टायरपेक्षा कमी चालणार नाही. आयएसआय चिन्ह पाहावे. दाब दाखवणारी यंत्रणा चालू ठेवावी आणि टायर बदलल्यावर ती नव्याने जुळवून घ्यावी.

सीलंट किट आणि छोटा कॉम्प्रेसर डिकीत हवाच. जुलै २०२० च्या केंद्रीय नियमदुरुस्तीने साडेतीन टनांपर्यंतच्या ट्यूबलेस गाड्यांना दाबयंत्रणा आणि किट असल्यास स्टेपनीतून सूट दिली आहे. मात्र सीलंट नक्षीतले छोटे छिद्रच बुजवते; भिंत चिरली तर टो-ट्रकलाच फोन करावा लागतो. सीलंटला मुदतही असते आणि ती तपासायची आठवण कुणाला राहत नाही.

मग कोणी काय घ्यावे?

शहरात आणि लोणावळा-माळशेजपर्यंत फिरणाऱ्याने, शक्यतो दिवसा आणि सोबतीने जाणाऱ्याने साधे चांगल्या दर्जाचे टायर खुशाल घ्यावेत. गाडी हलकी वाटेल, खड्डे कमी बोचतील आणि माप मिळणेही तुलनेने सोपे जाईल. रात्री एकट्याने लांबचा महामार्ग कापणाऱ्याने मात्र रन-फ्लॅट सोडू नयेत. समृद्धीवर मध्यरात्री भरधाव ट्रकच्या शेजारी खाली उतरून कॉम्प्रेसर लावणे, हा पैसे वाचवण्याचा मार्ग नव्हे. आणि टायर कोणतेही घेतले, तरी हवा महिन्यातून दोनदा गेजने मोजावी. रन-फ्लॅटमधली हवा निम्म्यावर आली तरी तो डोळ्यांना भरलेलाच दिसतो.