आंबा ताटात, आंबा बैठकीत

तुमच्या हॉलमध्ये अशी एखादी जागा आहे का, जिथे पाहुण्यांशिवाय कुणी बसत नाही? सोफ्याला पांढरी कव्हरं, समोर काचेचं टीपॉय आणि मुलांना दिवसातून दहा वेळा ‘हात लावू नकोस’. मग एकेक जण फोन घेऊन आतल्या खोलीत जातो आणि आपण म्हणतो, हल्ली कुणी एकत्र बसतच नाही. दर वेळी दोष फोनचा नसतो. कधी कधी आपली खोलीच कुणाला बसू देत नाही.

म्हणून आज लखनऊजवळच्या मलिहाबादकडे वळूया. दशहरी आंब्याचा हा मुलूख. इथल्याच हाजी कलीमुल्ला खान यांनी एका झाडावर 300 हून अधिक जातींच्या आंब्यांची कलमं केली; 2008 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण आज फळाचं बोलायचं नाही. आंब्याचं लाकूड, मुंज गवत, सुती कापड आणि वाळा, या पट्ट्याच्या ओळखीच्या चार गोष्टींतून घरची बैठक कशी सजेल, ते पाहू.

आंब्याचं लाकूड

आपल्याकडे सागवानापुढे आंब्याला मान नाही. पेट्या-खोक्यांचं लाकूड म्हणून आपण ते ओळखतो. पण सहारनपूर आणि जोधपूरचे कारागीर त्याचंच सुंदर फर्निचर करतात. फळं देऊन थकलेल्या झाडाचं लाकूड कामी येतं, ही त्यातली चांगली बाजू. पिवळसर-तपकिरी रंगात मधूनच गडद रेषा असतात, त्यामुळे लहानसा ओरखडा त्यात मिसळून जातो. मुलांच्या घरात बुटका चौरंग किंवा बाक करायला हे छान.

एक दोष मात्र मोठा आहे: या लाकडाला कीड लवकर लागते. घेताना वस्तू उलटी करून पाहा. टाचणीएवढी भोकं किंवा खाली बारीक पिठासारखा भुसा दिसला, तर घेऊ नका. लाकूड भट्टीत नीट वाळवलंय का आणि त्यावर कीडनाशक प्रक्रिया झाली आहे का, हे विचाराच.

जाड चकचकीत पॉलिशपेक्षा तेल किंवा मेणाचा हात बरा. डाग पडला तर तेवढाच भाग घासून पुन्हा लावता येतो. जवसाचं तेल लावलंत, तर फडकं चुरगळून कचऱ्यात टाकू नका. ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. मोकळ्या हवेत पसरून पूर्ण वाळू द्या, मगच टाका.

मुंज गवत

मुंजीत बटूच्या कमरेला बांधायची मेखला मुळात याच गवताची. प्रयागराज, सुलतानपूर, अमेठी भागात त्याच्या टोपल्या विणतात. झाकणाची मोठी टोपली खेळण्यांना, दुसरी आजीच्या लोकर-सुयांना. पसारा दोन मिनिटांत आत जातो. पावसाळ्यात बुरशी धरू नये म्हणून टोपली भिंतीपासून थोडी दूर ठेवा आणि ऊन पडलं की बाहेर काढा.

कापड

लखनवी चिकन अभ्र्यांपेक्षा पडद्यांवर जास्त खुलतं. पातळ सुती कापडामागून उजेड आला की पांढऱ्यावरचं पांढरं भरतकाम उठून दिसतं, आणि खिडकीशी असल्यामुळे चहाही सांडत नाही. बसायला मात्र आपली सोलापुरी चादर किंवा सतरंजी घाला. ती बिनधास्त धुता येते. दोन लोड, चार तक्के टाकले की झाली बैठक.

वाळा

मे-जूनच्या कोरड्या उन्हात उत्तरेकडे वाळ्याचे पडदे भिजवून खिडकीत लावण्याची रीत आहे. पाणी वाफ होऊन उडताना हवेतली उष्णता घेतं, म्हणून आत गारवा येतो. नागपूर-अकोल्याकडच्यांना वाळ्याच्या ताट्या नव्या नाहीत. मुंबई-कोकणात मात्र हा खर्च करू नका. तिथली हवा आधीच दमट, त्यामुळे पाणी उडत नाही, गारवा मिळत नाही आणि पडदा कुबट होतो. तिथे वाळ्याची जुडी माठातच शोभते.

चारही गोष्टी एकदम आणायची गरज नाही. या रविवारी फक्त काचेचं टीपॉय बाजूला करा, सतरंजी अंथरा आणि आंब्यांची पाटी मधोमध ठेवा. रस कोपरापर्यंत ओघळला तरी कुणी ओरडायचं नाही, एवढा एकच नियम ठेवा. संध्याकाळपर्यंत त्या सतरंजीवर किती जण येऊन बसले ते मोजा. पुढची खरेदी काय करायची, ते तुम्हाला तिथेच कळेल.